कादरभाई आणि लेफ्ट आऊटची जागा

रविवारी संध्याकाळी कादरभाई बोलायला लागले की अकरा धट्टेकट्टे पुरुष माना खाली घालून बसत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलं असावं. भिंगारला शिक्षिका म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. माझ्या भाड्याच्या खोलीची मागची खिडकी एका चहाच्या हॉटेलच्या अंगणात उघडत असे. त्या अंगणात धुळीने माखलेले, घामेजलेले हे लोक एका वाकलेल्या माणसासमोर अर्धगोल करून बसले होते. मी शेजारच्या हौसाबाईंना विचारलं, "मावशी, काय झालं हो?"

"काय हुतंय? मॅच जिंकली पोरांनी," त्या म्हणाल्या. "कादरभाई निकाल सांगत्यात."

जिंकल्यावर ही अवस्था, तर हरल्यावर काय होत असेल, असा मला प्रश्न पडला. पुढे तीन वर्षं मी त्या खिडकीत बसून तो निकाल ऐकला. फुटबॉलमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं आणि आजही फारसं कळत नाही. कादरभाई तरी पुरते कळले का, तेही सांगता येत नाही. त्यांची आठवण निघाली की माझ्या अंगावर आजही काटा येतो, आणि मग त्या माणसाविषयी इतकी माया दाटून येते की मला स्वतःचंच नवल वाटतं.

कादरभाई आमच्याच गल्लीत, समोरच्या अंगाला राहत. लष्कराच्या डेपोत तंबू शिवायचं काम करत. जाड कापड आणि मेण लावलेला दोरा ओढून ओढून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेले. क्लबचा फुटबॉल उसवला की तोही तेच शिवत. लहानपणी मोडलेला पाय वाकडा बसल्यामुळे त्यांनी स्वतः जन्मात चेंडूला लाथ मारलेली नव्हती. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. फौजेच्या संगतीने सगळ्या भिंगारलाच फुटबॉलचं वेड होतं, पण आमच्या गल्लीचा 'गुलशन' क्लब म्हणजे कादरभाईंचा संसार होता. त्यात डेपोतले हमाल होते, एक शिंपी होता, एक पोस्टमन होता, भाजी विकणारा नामदेव होता, आणि कप्तान बापू एका वखारीत लाकडं फोडायचा.

निकालाचे नियम ठरलेले होते. सुरुवात गोलकीपरपासून, शेवट लेफ्ट आऊटपाशी, म्हणजे डाव्या कडेने पळणाऱ्या गड्यापाशी. एकेकाचं नाव घ्यायचं, त्याच्या खेळावर दोन-चार वाक्यं बोलायची आणि पुढे सरकायचं. मधे कुणी तोंड उघडायचं नाही. कादरभाईंचा आवाज बारीक होता आणि ते कधी चिडून बोलत नसत, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच लागायचं. गोलकीपरला एकदा म्हणाले, "तू बॉल असा धरतोस, जसं काय कुनी दुसऱ्याचं पोर दिलंय हातात. आपलं समजून धर." नामदेवला म्हणाले, "बाजारात मेथीची जुडी द्यायला जेवढा येळ लावतोस, तेवढाच पास द्यायला लावलास. तवर गिऱ्हाईक गेलं की पुढं." आणि बापूला, "तू आज समद्यांना हाका मारल्यास. तुला कुनी मारली आसती, तर जागेवर हुतास का ऐकायला?"

कुणाची भीडभाड ते ठेवत नसत. डेपोतल्या एका साहेबांना एकदा हौस आली आणि ते गुलशनकडून अर्धा तास खेळले. खेळून झाल्यावर पायावर पाय टाकून खुर्चीत बसले आणि हसत म्हणाले, "कादर, आमचा निकाल?" कादरभाईंच्या नोकरीचा प्रश्न होता. ते म्हणाले, "साहेब, तुमी आज मैदानात हुता व्हय?" साहेब लाल झाले, मग मोठ्याने हसले, आणि पुन्हा कधी खेळायला आले नाहीत. गल्लीत मात्र कादरभाईंच्या शब्दाचं वजन असं होतं की लग्नाला मुलगा बघायला आलेली माणसंसुद्धा त्यांना विचारून जात. कादरभाई खोटं बोलत नाहीत, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत होतं.

मॅच बघायची त्यांची तऱ्हाही निराळी होती. ते टाळ्या वाजवत नसत, ओरडत नसत, आणि चेंडूकडे बघत नसत. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात बसून त्यांची नजर भलतीकडेच लागलेली असे. मी एकदा त्यांना त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "बॉल बघायला दोनशे मान्सं हायेत, मास्तरीनबाई. ज्याच्याकडं बॉल न्हाई, त्याला कोन बघनार?" तेव्हा मला ते बोलणं फार आवडलं होतं. शाळेतल्या मागच्या बाकांचा विचार करून मी ते मनात जपूनही ठेवलं.

दौलत हा हौसाबाईंचा एकुलता एक मुलगा. मूळचे हे श्रीगोंद्याकडचे. दौलत फौजेत ड्रायव्हर होता आणि नशिबाने नेमणूक घराजवळ मिळाली होती, म्हणून सुट्टी असली की गुलशनचा लेफ्ट आऊट तोच. सडपातळ, हसरा आणि थोडासा हट्टी मुलगा होता. डाव्या लाईनीला खेटून असा पळायचा की बघणारी माणसं नकळत पाय मागे घेत. एकाहत्तर साली दिवाळीच्या सुमाराला त्याची तुकडी अचानक पूर्वेकडे गेली. डिसेंबरात लढाई झाली, आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले, रेडिओला कान लावून बसलो, जिंकलो म्हणून पेढे वाटले. जानेवारीत हौसाबाईंच्या दारात सरकारी पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं. दौलत बेपत्ता होता.

"बेपत्ता म्हंजी गेला का?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही, मावशी. सापडत नाही, असं."

"मग सापडंल," त्या म्हणाल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.

गुलशनचा एक दंडक होता, तोही कादरभाईंनीच घातलेला. खेळाडू स्वतः येऊन "मी आता खेळत नाही" असं सांगत नाही, तोवर त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. बापूचा पाय मुरगळला तेव्हाही दहाच जण खेळले होते. त्यामुळे फेब्रुवारीत सामने सुरू झाले आणि गुलशनचे दहाच खेळाडू मैदानात उतरले, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. हरले बिचारे. संध्याकाळी नेहमीसारखा निकाल सुरू झाला. गोलकीपर झाला, दोघे बॅक झाले, बापू झाला, नामदेव झाला. दहा नावं झाली. पोरं उठायला लागली, आणि कादरभाई म्हणाले, "दौलत."

मी हातातली वही खाली ठेवली. अंगणात कपबशी वाजली, ती कुणीतरी हाताने धरली.

"दौलत, तू दोनदा मोकळा हुतास. हात वर केलास. नामदेवानं बघितलं न्हाई, ही त्याची चूक. पन तू वाकडा पळतुयास. उजव्या पायात बूट न्हाई तुझ्या. बिनाबुटाचं कशाला उतरायचं मैदानात?"

कुणी हसलं नाही. सूर्य पुरता मावळलाही नव्हता, अंगणात चांगला उजेड होता, आणि तरी मला तिथे बघवेना. थोड्या वेळाने नामदेवचा आवाज आला, अगदी पडलेला. "फुडच्या टायमाला पास देतो, भाई."

म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मी स्वतःला समजावलं. मी शाळेत शास्त्र शिकवत होते. पण पुढच्या रविवारी मी मैदानावर गेले. कशाला गेले, ते विचारू नका. दुपारचं पांढरं ऊन, लांबच्या रेंजवर तोफांचा सराव चाललेला, दर दोन-तीन मिनिटांनी पायाखालची जमीन हलकेच थरथरायची. मॅच ऐन रंगात आली असताना नामदेवला चेंडू मिळाला. त्याने मान वर केली आणि डावीकडे, जिथे कुणीही नव्हतं तिथे, चेंडू नीट मापून दिला.

लोकांनी आरडाओरडा करायला हवा होता. कुणी केला नाही. समोरच्या संघाचा बॅक चेंडूकडे धावला आणि मधेच थबकला, अरुंद बोळात समोरून कुणी आलं की आपण थबकतो तसा. चेंडू लाईनीलगत घरंगळत गेला, ढेकळावर आपटला आणि गोलच्या तोंडाशी वळला. सेंटर फॉरवर्डने तो आत ढकलला. मॅच संपल्यावर त्या बॅकला त्याच्या संघातले लोक शिव्या देत होते, आणि तो एवढंच म्हणत होता, "न्हाई रं, मला वाटलं हाय कुनीतरी."

त्या संध्याकाळी कादरभाई म्हणाले, "दौलत, पास चांगला दिलास."

ढेकळावर आपटलेला चेंडू कुठेही वळू शकतो. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून समजावून देऊ शकले असते. त्या रात्री मात्र मी दिवा मोठा ठेवून झोपले.

अशी गोष्ट गल्लीत किती दिवस झाकून राहणार? हौसाबाई माझ्या दारात आल्या. लुगडं नीट नेसलेल्या, केस विंचरलेल्या. "मास्तरीनबाई, रविवारी माज्यासंगं मैदानावर चला. एकलीला लाज वाटती." आम्ही दोघी बाया त्या गर्दीपासून लांब, बाभळीखाली बसू लागलो. हौसाबाई डाव्या कडेला टक लावून बघायच्या. काही दिसतं का, असं मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मॅच झाली की त्या हॉटेलच्या अंगणाला लावलेल्या पत्र्यामागे उभ्या राहून निकाल ऐकायच्या. दौलतचं नाव आलं की डोळे मिटायच्या. कधी त्याला शाबासकी असायची, कधी बोलणी. "आज परत यायला कंटाळलास." "आज दमला हुतास, पाय जड पडत हुता." शाबासकीपेक्षा बोलणी ऐकून त्या जास्त खूश व्हायच्या. पोरगं खरंच असल्याशिवाय एवढी बोलणी कोण कुणाला देईल, असा त्यांचा हिशेब.

इथपर्यंत मीही गप्प होते. आईच्या जिवाला विरंगुळा होतोय, तर होऊ दे, असं म्हणत होते. पण हौसाबाई रविवारी संध्याकाळी स्वयंपाक करून ताट वाढायच्या, झाकून ठेवायच्या, आणि खेळून दमलेलं पोरगं जेवल्याशिवाय आपण कसं जेवायचं म्हणून उपाशी निजायच्या. आधी रविवारच, मग सोमवारही तसाच जायला लागला. चैत्र-वैशाखापर्यंत त्या सकाळचा चहा आणि कधीतरी भाकरीचा चतकोर यांवर आल्या. दुष्काळाचं वर्ष होतं, गल्लीत सगळेच वाळलेले होते, म्हणून ते कुणाच्या चटकन लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण बाभळीखालून उठताना त्या माझा हात धरायच्या, आणि तो हात दर आठवड्याला हलका होत चालला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आजार काही नाही, या बाईंना जेवायला घाला, नाहीतर त्या दिवाळी बघणार नाहीत.

जूनमध्ये दौलतचा एक सोबती मुद्दाम भेटायला आला. त्याने दौलतला पडताना डोळ्यांनी पाहिलं होतं. नदीकाठच्या चिखलात गोळीबार चालू असताना पार्थिव आणता आलं नाही, म्हणून कागदोपत्री बेपत्ता. बिचारा रडत रडत सांगत होता. "आई, लई पळाला वो तो. बूट चिखलात रुतून बसला, उजवा, तो तसाच टाकला आन् एका बुटावर पळत हुता..."

मी हौसाबाईंकडे पाहिलं. त्या रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला तो बघवेना.

"बघा," त्या मला म्हणाल्या, "कादरभाईंनी तवाच सांगितलं हुतं. उजव्या पायात बूट न्हाई म्हनून. भाई खरंच बघत्यात त्याला."

तो सोबती पोरगा मेला हे पटवून द्यायला आला होता, आणि पोरगा आहे ही खात्री करून देऊन गेला. श्रीगोंद्याहून भाऊ न्यायला आला, त्याच्याबरोबर त्या गेल्या नाहीत. मृत्यूचा सरकारी कागद आला, त्यावर अंगठा उठवला नाही. "पोरगं दर आयतवारी खेळतंय आन् मी कशाचा अंगठा देऊ?" असं त्यांनी तलाठ्याला विचारलं.

मग मात्र माझा संताप झाला. मी कादरभाईंच्या दारात गेले. ते उंबऱ्यात बसून फुटबॉल शिवत होते.

"भाई, येत्या रविवारी दौलतचं नाव घेऊ नका," मी म्हणाले. "मावशी उपाशी मरतायत तुमच्या निकालापायी."

त्यांनी टाका पुरा केला. "मास्तरीनबाई, तुमी पोरांना पेपरात खोटे मार्क देता का?"

"कुणाची आई मरत असेल, तर देईन."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुई कापडात खोचून म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी मॅच हुती त्याची. गोल समोर उघडा हुता. बाजूला नामदेव मोकळा हुता, त्याला दिला न्हाई. सवता मारायला गेला आन् घालवला. मला राग आला. त्या दिवशी मी दहाच निकाल सांगितले. त्याचं नाव घेतलं न्हाई."

निकालात नाव न घेणं ही गुलशनमधली सगळ्यात मोठी शिक्षा होती, हे मला ठाऊक होतं.

"बसून ऱ्हायला की वो पोरगा. चहा गार झाला, समदे गेले, तरी बसून. मी उठून घरी आलो. म्हटलं, कळू दे. फुडच्या आयतवारी सांगीन. सकाळी उठतोय तर तुकडी गेल्ती." त्यांनी चेंडू उगाच हातात फिरवला. "त्याचा निकाल ऱ्हायलाय माझ्याकडं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी हळूच विचारलं, "भाई, तो खरंच दिसतो तुम्हाला?"

"तुमी आत्ता दिसताय तसा न्हाई दिसत. पन ती जागा रिकामी न्हाई. धूळ दबती. समोरचा गडी मान वळवतो. तेवढं दिसलं की बास हाय, बाकी त्याचा खेळ मला ठावं हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटं एकदा बोललो, तर आजवर ह्या पोरांना जे सांगितलं त्याचं काय हुईल?"

मी निघून आले.

पावसाळा कोरडा गेला. ऑक्टोबरातल्या एका रविवारी बाभळीखालून उठताना हौसाबाई कोसळल्या. गर्दी जमली. कादरभाई वाकडा पाय ओढत आले, खाली बसले आणि त्यांनी हौसाबाईंचं मनगट हातात धरलं. त्यांच्या घट्टे पडलेल्या दोन बोटांत ते मनगट मावलं, वर जागा उरली. ते कितीतरी वेळ त्या मनगटाकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी निकाल झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दोरीवर एक जर्सी वाळत घातलेली पाहिली. पाठीवर अकरा आकडा होता, दौलतचा.

दिवाळीनंतर स्पर्धेचा शेवटचा सामना होता. गुलशन मैदानात उतरली आणि मी मोजलं, तर अकरा जण. डाव्या कडेला भागा नावाचा नवा गडी उभा होता. तो राजूरकडचा, डेपोत नुकताच कामाला लागलेला, काटक, पंचविशीतला. त्याला आधीचं काही माहीत नव्हतं. कादरभाईंनी स्वतः बापूला सांगून त्याला घेतलं होतं, आपलाच दंडक मोडून. हौसाबाईंनी माझा हात घट्ट धरला. "त्याच्या जागी कोन हाय त्यो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघू या, मावशी."

गुलशन एका गोलने जिंकली. चेंडू डाव्या बाजूने बाहेर चालला होता, भागा चांगला चार हात मागे पडला होता, आणि चेंडू लाईनीवर जाऊन थांबला. भागाने गाठून तो मधे टाकला आणि गोल झाला. लोक नाचले. मी कादरभाईंकडे पाहिलं. ते उभे राहिले होते. मॅच चालू असताना मी त्यांना कधी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी हौसाबाई पत्र्यामागे न थांबता अंगणातच येऊन उभ्या राहिल्या. त्यांना धरून मीही उभी होते. निकाल सुरू झाला. आवाज नेहमीसारखाच बारीक. गोलकीपर, बॅक, बापू, नामदेव. दहा झाले.

"भागा. पळतोस चांगला. पन बॉल आला की लाईनीकडं बघतोस. लाईन कुठं जात न्हाई, मान्साकडं बघ." कादरभाई थांबले. "झाला निकाल."

कुणी उठलं नाही.

"भाई," हौसाबाई म्हणाल्या, "आन् माझा?"

निकाल सांगताना कादरभाई समोरच्याच्या डोळ्यांत बघत. आता ते जमिनीकडे बघत होते. "दौलत आज खेळला न्हाई, हौसाबाई."

"मग कुटं हुता?"

"न्हाई दिसला. आता न्हाई खेळनार तो."

त्या "बरं," एवढंच म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी झाकलेलं ताट स्वतःपुढे ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडात घातल्यावर त्यांना रडू फुटलं. जवळजवळ वर्षभरात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रडत रडत त्यांनी सगळी भाकरी संपवली, आणि शेजारी बसून मीही रडले. आठवडाभरात त्यांनी कागदावर अंगठा दिला, दौलतचं जे करायचं ते केलं आणि भावाबरोबर श्रीगोंद्याला गेल्या. त्या पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, नातवंडांसारखी भावाची नातवंडं त्यांनी सांभाळली.

कादरभाईंनी मात्र त्यानंतर निकाल सांगितला नाही. पोरं दोन-तीन रविवार अंगणात बसून वाट बघत राहिली, मग यायची बंद झाली. माझी मागची खिडकी मुकी झाली. गल्लीत भेटले की ते मान हलवून पुढे जात, आणि त्यांच्या खोट्याला मीच कारण झाले या विचाराने मला त्यांच्यासमोर उभं राहणं जड जायचं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी त्यांचा निरोप घ्यायला गेले तर घराला कुलूप होतं. चौकशी करत मैदानावर गेले. वार मंगळवार. मैदानात चिटपाखरू नव्हतं. लांब रेंजवर तोफा वाजत होत्या. कादरभाई डाव्या कोपऱ्यात एकटेच बसले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले, निघतेय म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मग मैदानावरची नजर न काढता म्हणाले, "त्या दिवशी तो खेळला हुता, मास्तरीनबाई."

मी उन्हाला हात आडवा धरून मैदानाकडे पाहिलं.

"जल्मात कधी खेळला न्हाई असा खेळला. भागाचा बॉल भाईर चालला हुता, त्यानं लाईनीवर आडवला. आन् मी सांगितलं, खेळलाच न्हाई. दुसऱ्यांदा निकालाबिगर घालवला त्याला."

"मावशी जेवल्या, भाई," मी म्हणाले.

"व्हय. म्हनूनच बोललो."

"तो रागावलाय का?" हे मी विचारलं. माझ्याच तोंडून.

कादरभाईंची मान हळूहळू उजवीकडून डावीकडे वळत होती. "कळत न्हाई. थांबत न्हाई तो माझ्यापाशी. नुसता पळतोय." मग त्यांनी हात थोडा वर केला. "मास्तरीनबाई, जरा मागं सरा. त्याच्या वाटंत हाय तुमी."

मी खाली पाहिलं. चुन्याची रेघ केव्हाच उडून गेली होती, नुसती तापलेली माती होती. मी दोन पावलं मागे सरले, आणि तो पुढे जाईपर्यंत पदर धरून थांबले.